झडप-स्प्रिंग बदलणे (कमिन्स ६बीटी इंजिन)

झडप-स्प्रिंग बदलणे हे अंतर्ज्वलन इंजिनाच्या देखभालीतील एक काम आहे. सिलिंडर हेडावरील झडपा मिटवून धरणाऱ्या जुन्या स्प्रिंगा काढून त्यांच्या जागी नव्या, बहुधा अधिक कडक स्प्रिंगा बसवणे असे त्याचे स्वरूप असते. प्रस्तुत लेखात हे काम डॉज रॅम या अमेरिकी पिकअप ट्रकमध्ये १९८९ ते १९९८ या काळात बसवल्या गेलेल्या कमिन्स ६बीटी या बारा झडपांच्या डिझेल इंजिनाच्या संदर्भात दिले आहे. या इंजिनात हेड न उतरवता आणि सिलिंडरमध्ये दाबाखालील हवा न भरता स्प्रिंगा बदलता येतात. मात्र काम चालू असताना झडपेला खालून आधार असतो तो फक्त पिस्टनचा. पिस्टन जागेवर नसेल तर झडप सिलिंडरमध्ये पडते आणि हेड उतरवण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

शब्दाविषयी

गॅरेजमध्ये झडपेला 'वॉल्व्ह' असेच म्हटले जाते. स्प्रिंग या अर्थी मराठीत 'कमान' हा जुना शब्द आहे. परंतु वाहनांच्या व्यवहारात तो चाकांवरील पट्ट्यांच्या स्प्रिंगेसाठी रूढ झाल्याने झडपेवरील वेटोळ्याला तो लावल्यास घोटाळा होतो. म्हणून येथे 'स्प्रिंग' हाच शब्द ठेवला आहे. झडपेच्या दांड्याच्या टोकाशी स्प्रिंगवरची टोपी अडकवून धरणाऱ्या दोन अर्धवर्तुळाकार तुकड्यांना 'लॉक' म्हणतात. काही कारागीर 'कॉटर' म्हणतात.

इंजिन

कमिन्स ही अमेरिकेतील इंडियाना राज्यातल्या कोलंबस या गावची कंपनी. तिने केस या ट्रॅक्टर व शेतीयंत्रे बनवणाऱ्या कंपनीच्या भागीदारीत 'बी' मालिकेची इंजिने विकसित केली. ६बीटी या नावातील ६ हा आकडा सिलिंडरांची संख्या दाखवतो, 'बी' ही मालिका आणि 'टी' म्हणजे टर्बोचार्जर. सिलिंडरचा व्यास १०२ मि.मी. आणि पिस्टनची धाव १२० मि.मी. असून एकूण घनफळ ५.९ लिटर भरते. डॉजच्या पिकअपमध्ये हे इंजिन १९८९च्या मॉडेलपासून मिळू लागले. १९९३पर्यंतच्या गाड्यांना बॉशचा फिरता 'व्हीई' पंप होता, १९९४पासून बॉशचाच 'पी७१००' हा एका रांगेत सहा प्लंजर असलेला पंप आला. १९९८मध्ये दर सिलिंडरला चार झडपांचे नवे इंजिन आल्यावर या मालिकेस 'बारा झडपांचे कमिन्स' असे वेगळे नाव पडले.

दर सिलिंडरला एक इनलेट आणि एक एक्झॉस्ट अशा दोनच झडपा असतात. कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये असतो; त्याची हालचाल टॅपेट, पुशरॉड आणि रॉकर या मार्गाने वर झडपेपर्यंत पोचते. प्रत्येक सिलिंडरवर स्वतंत्र रॉकर कव्हर असते व ते मधल्या एकाच बोल्टने धरलेले असते. दुरुस्ती करणाऱ्याच्या दृष्टीने ही रचना मोठ्या सोयीची आहे, कारण एका वेळी एकच कप्पा उघडून बाकीचे इंजिन धूळकचऱ्यापासून झाकलेले ठेवता येते.

स्प्रिंगचे काम

कॅम झडप उघडतो. मिटवण्याचे काम मात्र स्प्रिंगकडे असते. झडप मिटलेली असताना ती आपल्या बैठकीवर घट्ट दाबून धरणे हे स्प्रिंगचे पहिले कर्तव्य. दुसरे कर्तव्य गतीचे. कॅमचा उंचवटा ओलांडला गेल्यावर झडप, टोपी, रॉकर, पुशरॉड आणि टॅपेट ही सगळी साखळी कॅमच्या उताराला चिकटून परत आली पाहिजे. ती मागे राहिली तर झडप क्षणभर अधांतरी राहते. यालाच झडप 'तरंगणे' म्हणतात.

साखळीला परत वळवण्यासाठी लागणारे बल फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. मिनिटाला २,५०० फेऱ्यांवर जेवढे बल लागते, त्याच्या जवळजवळ दुप्पट बल ३,५०० फेऱ्यांवर लागते. कारखान्यातून आलेल्या ६बीटीला गव्हर्नर साधारण अडीच हजार फेऱ्यांच्या आसपास आवरतो, त्यामुळे मूळ स्प्रिंगा त्या हिशेबाने पुरेशा असतात. त्या निकृष्ट आहेत असा समज अनेक ठिकाणी आढळतो, तो बरोबर नाही. ज्या कामासाठी त्या योजल्या होत्या त्यापेक्षा वेगळे काम त्यांच्याकडून घेतले जाऊ लागले, हे बदलीचे खरे कारण आहे.

बदलण्याची कारणे

पहिले कारण म्हणजे एक्झॉस्ट ब्रेक. डिझेल इंजिनात हवेच्या वाटेवर झापड नसल्याने पाय काढल्यावर इंजिन गाडीला फारसे रोखत नाही. मागे जड ट्रेलर जोडून डोंगरउतार उतरणाऱ्या पिकअपला ही उणीव जाणवते. त्यावर उपाय म्हणून टर्बोच्या पुढे एक्झॉस्टच्या नळीत एक झापड बसवतात. ती मिटली की धूर कोंडतो, नळीत दाब वाढतो आणि पिस्टनांना त्या दाबाविरुद्ध काम करावे लागून गाडी मंदावते.

हा कोंडलेला दाब एक्झॉस्ट झडपेच्या पाठीवर पडतो आणि तिला उघडण्याच्या दिशेने ढकलतो. ज्या सिलिंडरमध्ये त्या वेळी हवा आत ओढली जात असते तेथे झडपेच्या दुसऱ्या बाजूला विरोध करणारा दाब नसतो. एकटी स्प्रिंग काय ती आडवी येते. उदाहरणादाखल झडपेचा व्यास ४० मि.मी. आणि तिच्या दांड्याचा ८ मि.मी. धरला, तर दाबाखाली येणारे क्षेत्र सुमारे १,२०० चौ. मि.मी. होते. बैठकीवर स्प्रिंगचे बल ३६० न्यूटन असेल, तर दर चौरस इंचास ४३ ते ४४ पौंड इतक्या दाबालाच झडप बैठक सोडू लागेल. दाब ६० पौंडांपर्यंत जाऊ द्यायचा असेल तर स्प्रिंगचे बल ५०० न्यूटनच्या आसपास हवे. अशी झडप उघडण्यापेक्षा तिचे मिटणे अधिक घातक असते. कॅमने उघडलेली झडप कॅमच्या हळुवार उतारावरून बैठकीवर टेकते. दाबाने उघडलेली झडप दाब ओसरताच थेट आदळते. असे फटके सतत बसले तर बैठक ठेचली जाते आणि झडपेची मान कमकुवत होते.

या इंजिनासाठी विकल्या जाणाऱ्या कडक स्प्रिंगांना '६० पौंडी' हे नाव यातूनच पडले. ६० हा आकडा स्प्रिंगच्या स्वतःच्या बलाचा नसून ती झेलू शकणाऱ्या एक्झॉस्टमधील दाबाचा, म्हणजे दर चौरस इंचास ६० पौंडांचा आहे. नावामुळे गफलत होते आणि दुसऱ्या इंजिनाच्या स्प्रिंगांशी नुसत्या आकड्यावरून तुलना केली जाते. ती निरर्थक असते.

दुसरे कारण फेऱ्या वाढवण्याचे. पी७१०० पंपातील गव्हर्नरच्या स्प्रिंगा बदलून इंजिनाला तीन हजार किंवा त्याहून अधिक फेऱ्यांपर्यंत इंधन मिळेल अशी व्यवस्था हौशी मालक करतात. हा बदल तुलनेने सोपा असल्याने तो आधी होतो आणि झडपांच्या स्प्रिंगा मागाहून आठवतात. क्रम उलटा हवा. या इंजिनात पिस्टन वर आला असता त्याच्या आणि झडपेच्या मध्ये अगदी थोडी जागा उरते. तरंगणारी एक्झॉस्ट झडप वेळेत मिटली नाही तर पिस्टन तिला खालून धडक देतो. पुशरॉड वाकला एवढ्यावर निभावले तर ते नशीबच म्हणायचे.

तिसरे कारण झिजेचे व मोडण्याचे. स्प्रिंग लाखो वेळा दबते आणि तारेच्या पृष्ठभागावरील बारीकशा ओरखड्यापासूनही तडा सुरू होऊ शकतो. बाहेर काढलेल्या स्प्रिंगची मोकळी उंची, ती सपाटीवर काटकोनात उभी राहते की नाही आणि ठरावीक उंचीपर्यंत दाबण्यास लागणारे बल या तीन गोष्टी तपासतात. नुसत्या उंचीवरून निर्णय घेऊ नये.

केवळ एक्झॉस्ट ब्रेकसाठी काम करायचे असेल तर सहा एक्झॉस्ट झडपांच्या स्प्रिंगा बदलणे पुरते. फेऱ्या वाढवायच्या असतील तर बाराही बदलाव्या लागतात. अधिक कडक ते अधिक चांगले, हा विचार येथे लागू पडत नाही. स्प्रिंगचे जास्तीचे बल पुशरॉड, टॅपेट आणि कॅम यांनाच सोसावे लागते. ६० पौंडी स्प्रिंगा मूळ भागांवर चालतात, परंतु शर्यतीसाठीच्या त्याहून बऱ्याच कडक स्प्रिंगांबरोबर मजबूत पुशरॉडही बसवावे लागतात.

झडपेला आधार देण्याच्या पद्धती

स्प्रिंग काढली की झडपेला वर धरून ठेवणारे काही उरत नाही. पेट्रोलवर चालणाऱ्या पिकअपच्या व्ही-८ इंजिनांत यासाठी स्पार्क प्लगच्या भोकातून दाबाखालील हवा सोडतात, किंवा त्याच भोकातून सुती दोर आत सारून पिस्टन हाताने वर आणतात. दोराची गुंडाळी पिस्टन आणि झडप यांच्यामध्ये चेपून बसते. दोराची युक्ती ओबडधोबड दिसली तरी वीज वा कॉम्प्रेसर नसलेल्या ठिकाणी ती हवेपेक्षा भरवशाची ठरते, कारण हवेचा दाब मध्येच गेला तर झडपही जाते.

६बीटीमध्ये यांपैकी कशाचीच गरज नसते. झडपा उभ्या असतात, हेडाची खालची बाजू सपाट असते आणि ज्वलनासाठीचा खोलगट भाग पिस्टनच्या माथ्यात असतो. पिस्टन वरच्या मृतबिंदूवर, म्हणजे कारागिरांच्या भाषेत 'टॉप'वर आणला की मोकळी झालेली झडप थोडीशी उतरून पिस्टनच्या माथ्यावर टेकते आणि तिचा दांडा हाताशी राहतो.

सहा सिलिंडरांच्या या इंजिनात पिस्टन जोडीने वर येतात: १ व ६, २ व ५, ३ व ४. प्रज्वलनाचा क्रम १-५-३-६-२-४ असा आहे. म्हणून पहिली जोडी झाल्यावर क्रँक १२० अंश फिरवला की २ व ५ वर येतात, आणखी १२० अंशांनी ३ व ४. क्रँकच्या पुढील चाकावर तीन समान अंतरांच्या खुणा खडूने करून ठेवल्यास चुकण्याचा संभव कमी होतो. जोडीतील एक सिलिंडर दाबाच्या धावेअखेर आणि दुसरा धूर बाहेर टाकण्याच्या धावेअखेर असतो. रॉकर काढलेले असल्याने या भेदाने स्प्रिंग काढताना काही बिघडत नाही, पण पुढे झडपांतील अंतर जुळवताना तो महत्त्वाचा ठरतो.

पहिला पिस्टन टॉपवर आल्याचे ओळखण्यासाठी गिअरच्या पेटीवर, इंधन-पंपाच्या मागे एक नायलॉनची खुंटी असते. ती आत ढकलली की कॅमच्या गिअरमधील भोकात शिरते. ती बाहेर काढल्याशिवाय इंजिन फिरवल्यास तुटते. इंजिन फिरवण्यासाठी फ्लायव्हीलच्या घरातील भोकातून दातेरी चक्राला लागणारे हत्यार मिळते. ते नसल्यास पट्टा दाबून धरून आल्टरनेटरच्या नटाला पाना लावूनही इंजिन सावकाश फिरवता येते.

कामाचा क्रम

आरंभी बॅटरीच्या तारा सोडतात. कोणी नकळत स्टार्टर मारला तर होणारे नुकसान बोटांपासून इंजिनापर्यंत कोठेही होऊ शकते. इंजिन पूर्ण थंड असावे आणि कव्हरे उघडण्यापूर्वी वरचा भाग धुऊन कोरडा केलेला असावा.

रॉकर ज्या ठोकळ्यावर बसतो तो दोन बोल्टांनी धरलेला असतो: एक लहान ८ मि.मी.चा आणि दुसरा १२ मि.मी.चा लांब. हा लांब बोल्ट खुद्द हेडाचाही बोल्ट आहे. म्हणजेच रॉकर काढताना प्रत्येक सिलिंडरमागे हेडाचा एक बोल्ट सुटतो. पुष्कळ जण याकडे दुर्लक्ष करतात आणि नंतर गॅस्केटमधून पाणी झिरपू लागले की गॅस्केटला दोष देतात. एका वेळी एकाच जोडीचे बोल्ट सोडावेत. परत बसवताना आटे व डोक्याखालचा भाग यांना तेल लावावे, ताणून लांब झालेला बोल्ट पुन्हा वापरू नये आणि टॉर्क पान्याने टप्प्याटप्प्याने आवळावे. लांब बोल्टांचे आकडे व पद्धत वर्षागणिक बदललेली असल्याने ज्या वर्षाचे इंजिन त्याच वर्षाचे दुरुस्ती-पुस्तक पाहावे. लहान बोल्टास २४ न्यूटन-मीटर पुरतात.

काढलेले रॉकर आणि पुशरॉड क्रमाने मांडून ठेवतात, कारण एकमेकांवर घासून बसलेले भाग आपापल्या जागीच परतले पाहिजेत. त्यानंतर, लॉक काढण्यापूर्वी, पुशरॉडची भोके आणि तेल खाली उतरण्याच्या वाटा स्वच्छ चिंध्यांनी बुजवतात. निसटलेले लॉक भोकातून खाली गेले तर ते तेलाच्या टाकीपर्यंत कोठेही अडकू शकते. बुजवलेल्या चिंध्या मोजून ठेवाव्यात.

स्प्रिंगच्या टोपीवर योग्य मापाचा सॉकेट ठेवून हातोडीने हलकासा ठोका दिला की वर्षानुवर्षे चिकटून बसलेले लॉक सुटते. मग दाबयंत्राने स्प्रिंग खाली दाबतात, लॉकचे दोन तुकडे चुंबकाने उचलतात आणि दाब सावकाश सोडतात. या क्षणी डोळ्यांवर चष्मा हवा. स्प्रिंग बाजूला झाल्यावर झडप बोटाने दाबून ती पिस्टनवर टेकल्याचे जाणवते का हे पाहतात. ती टेकत नसेल, खाली खाली जातच असेल, तर पिस्टन टॉपवर नाही. अशा वेळी दांडा हातातून न सोडता स्प्रिंग परत चढवावी आणि मगच क्रँकला हात लावावा. एका जोडीचे काम पूर्ण होऊन सर्व लॉक बसल्याखेरीज क्रँक फिरवायचा नाही, हा या कामातील सर्वांत कडक नियम आहे.

दांड्यावरील तेलाचे सील जुने झाले असल्यास याच वेळी बदलतात. स्प्रिंग निघालेली असताना त्याला वेगळे श्रम पडत नाहीत. नवी स्प्रिंग बसवताना तिची वेटोळी एका टोकाला दाट असतील तर दाट बाजू खाली, हेडाकडे ठेवतात. लॉकच्या आतील बाजूस ग्रीसचा बारीक ठिपका लावल्यास ते दांड्याला चिकटून राहते. दाब सोडल्यावर दोन्ही तुकडे सारख्या उंचीवर बसले आहेत ना हे डोळ्यांनी पाहावे आणि दांड्याच्या टोकावर मऊ हातोडीने दोन ठोके देऊन खात्री करावी. अर्धवट बसलेले लॉक इंजिन चालू झाल्यावर सुटते आणि झडप सिलिंडरमध्ये जाते.

पाचव्या आणि विशेषतः सहाव्या सिलिंडरशी गाडीच्या समोरच्या काचेखालचा पत्रा आड येतो. दाबयंत्र व पाना यांना तेथे जागा अपुरी पडते आणि कामाचा बराचसा वेळ या दोन सिलिंडरांवर जातो. म्हणून आरंभ पुढच्या बाजूने करून हात बसल्यावर मागे जाणे श्रेयस्कर.

झडपांतील अंतर

रॉकर परत चढवल्यावर रॉकर आणि झडपेचा दांडा यांमधील अंतर फिलर गेजने जुळवावे लागते. इंजिन थंड असताना इनलेटला ०.२५ मि.मी. आणि एक्झॉस्टला ०.५१ मि.मी. अंतर ठेवतात. पहिला सिलिंडर दाबाच्या धावेअखेर टॉपवर असताना १, २, ४ यांच्या इनलेट झडपा आणि १, ३, ५ यांच्या एक्झॉस्ट झडपा जुळवता येतात. क्रँकची एक पूर्ण फेरी केल्यावर ३, ५, ६ यांच्या इनलेट आणि २, ४, ६ यांच्या एक्झॉस्ट झडपा उरतात. पहिल्या सिलिंडरऐवजी सहावा दाबाच्या धावेवर असेल तर हे दोन गट उलटे होतात. पहिल्याचे दोन्ही रॉकर सैल हलत असतील तरच आरंभ बरोबर आहे असे समजावे.

इंजिन सुरू करण्याआधी ते हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवून पाहतात. कोठेही कठीण अडथळा लागल्यास जोर न लावता थांबावे. सुरू केल्यावर टकटक आवाज एका सिलिंडरवरून येत असेल तर बहुधा अंतर चुकलेले असते, अथवा पुशरॉड रॉकरच्या वाटीत नीट बसलेला नसतो.

भारतातील संबंध

बी मालिकेची ५.९ लिटरची इंजिने भारतातही मोठ्या प्रमाणावर वापरात आली. १९९३मध्ये स्थापन झालेल्या टाटा कमिन्स या संयुक्त कंपनीच्या जमशेदपूर येथील कारखान्यात ती टाटांच्या मालट्रकांसाठी बनू लागली. त्याआधीच, १९६२मध्ये, पुण्यात कोथरूड येथे किर्लोस्कर कमिन्सचा कारखाना सुरू झाला होता. आजची कमिन्स इंडिया ती हीच. टाटा कमिन्सचा एक कारखाना सातारा जिल्ह्यातील फलटण येथेही आहे. डॉजचे पिकअप भारतात विरळा असले तरी वर दिलेली जोडीने वर येणाऱ्या पिस्टनांची रीत आणि अंतर जुळवण्याचे दोन गट त्याच प्रज्वलनक्रमाच्या बारा झडपांच्या ६बीटीला मालट्रकमध्येही तसेच लागू पडतात. स्प्रिंगा, बोल्टांचे आकडे आणि अंतराची मापे मात्र त्या त्या इंजिनावरील पाटीवरचा क्रमांक पाहूनच घ्यावी लागतात.